ॲक्टिव्हिटी नक्की कोण करतंय?

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची, दुसरीत आहे. मुलगा साडेचार वर्षांचा. मी संध्याकाळी सहाला घरी येतो. सात ते साडेआठ ही ‘ॲक्टिव्हिटी’ची वेळ ठरवून वेळापत्रक भिंतीवर लावलं आहे. वर्कशीट छापून आणतो, दोन किट विकत घेतली आहेत, रविवारी रात्री बसून पुढच्या आठवड्याचं साहित्य कापून ठेवतो. सुरुवातीला तिला मजा वाटली. आता मी कात्री हातात घेतली की ती बाथरूममध्ये जाऊन बसते. वाचताना एकेक अक्षर सुटं वाचते, पुस्तक अगदी नाकाशी धरते. पंचवीस सांगितलं की ५२ लिहिते. स्टार चार्ट लावला, तर आता पाणी आणून द्यायलाही ‘किती स्टार?’ विचारते. धाकटा सगळं विस्कटतो. माझी आई म्हणते, पोरीला खेळू दे. बायको म्हणते, अशाने मागे पडेल. मला वयानुसार ॲक्टिव्हिटींची यादी आणि नीट वेळापत्रक द्या. फरक दिसायला साधारण किती दिवस लागतात, तेही सांगा.

उत्तर :

तुमच्या पत्रातलं एक वाक्य ओघात येऊन गेलंय, आणि मला आधी त्याच्याबद्दलच बोलायचंय. ‘पुस्तक अगदी नाकाशी धरते.’ बाकी सगळं बाजूला ठेवा आणि या आठवड्यात तिला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून या. कदाचित नुसती सवय असेल. पण नंबर असेल, तर ती स्वतःहून कधीच सांगणार नाही, कारण सगळ्यांना असंच दिसतं अशी लहान मुलांची समजूत असते. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून वहीत चुकीचं उतरवणारी आणि मग ‘लक्ष नसतं’ म्हणून बोलणी खाणारी मुलं शिक्षकांना नवीन नाहीत. तिच्या पाठीमागून हळू आवाजात हाक मारून कानांचाही अंदाज घ्या. थोडी जरी शंका वाटली तर तीही तपासणी करून टाका.

आता यादीबद्दल. ती मी देणार नाही. तुमच्याकडे ॲक्टिव्हिटी कमी नाहीत, जास्त झाल्या आहेत. अडचण वेगळीच आहे आणि ती तुम्हीच लिहून पाठवली आहे: रविवारी रात्री साहित्य कोण कापतं? तुम्ही. कोणत्या दिवशी काय करायचं हे कोण ठरवतं? तुम्ही. चुकलं हे कोण ओळखतं, दुरुस्त कसं करायचं कोण सांगतं? तेही तुम्हीच. तिच्या वाट्याला उरतं ते आखलेल्या चौकटीत रंग भरणं आणि बाणाच्या टोकाला उत्तर जोडणं. विचार करण्याचं सगळं काम तुम्ही आधीच उरकलेलं असतं. अशा कामाचा कंटाळा येणं हे मुलगी हुशार असल्याचंच लक्षण आहे.

कात्रीचंच घ्या. तिला एका कागदावर मोठा गोल काढून कापायला द्या आणि तुम्ही नुसते तिच्या हातांकडे बघा. आधी ती कात्रीचा हात वळवत राहते. मनगट मुडपतं, कोपर खांद्यापर्यंत वर जातं, जीभ बाहेर येते, आणि गोलाला चार-पाच कोपरे पडतात. असे बरेच कागद वाया गेले की एक दिवस दुसरा हात कामाला लागतो: कात्री जागच्या जागी उघडमीट करते आणि कागद फिरतो. दोन हातांनी एकाच वेळी दोन वेगळी कामं करायची, डोळ्यांनी रेषा धरून ठेवायची, आणि कुठे थांबायचं ते स्वतः ठरवायचं. लिहिण्यासाठी लागणारी बरीचशी तयारी यात होऊन जाते. आणि हे नेमकं तुम्ही रविवारी रात्री तिच्यासाठी उरकून ठेवता. सगळे गोल अगदी सुबक येत असतील, यात शंका नाही.

म्हणून इथून पुढे कुठलीही ॲक्टिव्हिटी निवडताना एवढंच पाहा: यात डोकं कोणाचं चालणार आहे? तुमचं जास्त चालणार असेल तर सोडून द्या, मग ती कितीही आकर्षक दिसो.

वेळापत्रक भिंतीवरून काढा. शाळेतून दमून आलेल्या सात वर्षांच्या मुलीला संध्याकाळी दीड तास पुन्हा बसवणं, तेही जेवणाच्या तोंडावर, हे मोठ्यांनाही झेपणारं नाही. पंधरा-वीस मिनिटं पुरेत. ती रमली तर पुढे चालू द्या, नाही रमली तर आवरा. तुमच्या आईंचं म्हणणं मला पटतं. पाच ते सतरा वर्षं वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं तरी घाम निघेल असं हुंदडावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि तुमच्या मुलीच्या वयाला झोप ९ ते १२ तास लागते. या दोन गोष्टींना कात्री लावून शिकवलेलं टिकत नाही. शिवाय दिवसाउजेडी बाहेर खेळणाऱ्या मुलांमध्ये लांबचं धूसर दिसण्याचा दोष सुरू होण्याचं प्रमाण कमी आढळतं, म्हणजे पुन्हा डोळेच. पण तुमच्या पत्नीची काळजीही उगाच नाही. वाचन नुसतं खेळून येत नाही. बोलणं आपोआप येतं, वाचणं शिकावं लागतं, आणि त्यासाठी रोज थोडा थोडा सराव हवाच. ‘थोडा थोडा’ यावर माझा जोर आहे. एका दिवशी तासभर रट्टा मारण्यापेक्षा तोच वेळ अनेक दिवसांत वाटला तर जास्त लक्षात राहतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाऊस यांनी १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून लिहून ठेवलंय आणि पुढे ते पुन्हा पुन्हा खरं ठरलंय. त्यामुळे रविवारी तीन तास बसवून आठवडा भरून काढायचा विचार असेल तर तो सोडा.

आता पंचवीस आणि ५२. ही चूक म्हणजे तिचा निष्काळजीपणा नव्हे. तोंडाने आपण आधी पाच म्हणतो आणि मग वीस, पण लिहिताना आधी दोन लिहायचे आणि मग पाच. कानाने ऐकलं तसं तिने लिहिलं तर ५२च येणार. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात आणि तिथली मुलंही अशीच उलटापालट करतात. त्यात आपल्याकडे ‘एकोण’ची भर. एकोणतीस ऐकताना कानात ‘तीस’ घुमतं, म्हणून मुलं बिनदिक्कत ३९ लिहून मोकळी होतात. दहा-दहा वेळा लिहायला लावून हे सुटत नाही, कारण प्रश्न हाताचा नाही. पंचवीस म्हणजे दोन दहा आणि वर पाच, हे चित्र डोक्यात नाही.

ते चित्र बसवायला वर्कशीट लागत नाही. आइसक्रीमच्या काड्या, आगपेटीच्या वापरून झालेल्या काड्या, काहीही चालेल, पण ढीगभर हवं. मूठभर काड्या तिच्यापुढे टाका आणि विचारा, ‘किती असतील? आधी अंदाज सांग.’ तिचा अंदाज एका चिठ्ठीवर लिहा, तुमचाही लिहा. मग तिला मोजू द्या. चाळीसच्या आसपास ती हमखास चुकेल, मध्येच धाकटा एक काडी पळवेल, पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागेल. दहा-दहाच्या जुड्या बांध असं तुम्ही सांगू नका. रबरबँड नुसते शेजारी ठेवा आणि दोन-तीनदा वैताग येऊ द्या. वैतागातून सुचलेली जुडी डोक्यात राहते. तुम्ही सांगितलेली जुडी ही आणखी एक आज्ञा होऊन बसते. अगदीच सुचलं नाही, तर तुम्ही तुमच्या काड्या निमूटपणे जुड्या बांधून मोजा, ती बघेलच. एकदा जुड्या आल्या की मग ‘पंचवीस दे’, ‘एकोणतीस दे’ असं म्हणता येतं. एकोणतीसला ती तीन जुड्या उचलून एक काडी काढून घेईल, किंवा दोन जुड्या आणि नऊ सुट्या देईल. दोन्ही बरोबर. तिने कोणता मार्ग घेतला ते तिला सांगायला लावा.

लिहिण्यासाठी एक जुनी युक्ती सांगते. जाड कागदाच्या पट्ट्या करा, म्हणजे तिला करू द्या. १० ते ९० दहाचे आकडे रुंद पट्ट्यांवर, १ ते ९ हे निम्म्या रुंदीच्या पट्ट्यांवर. वीसच्या पट्टीतल्या शून्यावर पाचाची पट्टी ठेवली की २५ दिसतात, आणि पाच उचलला की खाली लपलेलं वीस पुन्हा दिसतं. पंचवीस ऐकलं की आधी पाच हातात घेतला तरी बिघडत नाही, तो ठेवायची जागा एकच आहे. उलटापालट सुटायला याची चांगली मदत होते.

तिसरी गोष्ट, पटावरचा खेळ. १ ते १०पर्यंत ओळीने आकडे असलेल्या साध्या पटावर रॉबर्ट सिगलर आणि गीता रामानी या मानसशास्त्रज्ञांनी शाळापूर्व वयाच्या मुलांना खेळवलं. २००८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेले निष्कर्ष असे की एकूण जेमतेम तासाभराच्या खेळाने मुलांची संख्यांची समज वाढली. आकड्यांऐवजी नुसते रंग असलेल्या पटावर खेळलेल्या मुलांत ती वाढली नाही. तुमची मुलगी मोठी आहे, तिला शंभरचा पट हवा. विकतची सापशिडी चालेल, पण तिथे आकडे नागमोडी जातात. त्यापेक्षा पुठ्ठ्यावर तिलाच आखू द्या, प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू होणारी. मग २३च्या बरोबर खाली ३३ येतात, त्याखाली ४३, आणि हे तिच्या लक्षात येईल तो क्षण तुम्हाला चुकवून चालणार नाही. साप-शिड्या कुठे ठेवायच्या हे तिचं ती ठरवेल. (९९वर साप ठेवल्याशिवाय कुठलंही मूल राहत नाही.) खेळताना एकच नियम पाळा: सोंगटी २३वर असेल आणि चार पडले तर ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणायचं नाही, ‘चोवीस, पंचवीस, सव्वीस, सत्तावीस’ म्हणत जायचं. एवढ्याशा फरकात या खेळाचं निम्मं शिक्षण आहे. आणि ती बोटं मोजते म्हणून रागावू नका. बोटं हे तिचं पहिलं गणिताचं साहित्य आहे. गरज संपली की ती आपोआप सुटतात.

हे तीन खेळ महिनाभर पुरतात. रोज नवीन काहीतरी द्यायला हवं हा मोठ्यांचा गैरसमज आहे. मुलांना तोच खेळ पुन्हा पुन्हा हवा असतो, आणि शिकणं त्या ‘पुन्हा’मध्येच असतं.

वाचनाकडे वळू. ‘एकेक अक्षर सुटं वाचते’, म्हणजे क, म, ळ असं वाचते आणि कमळ तिला ऐकू येत नाही. अक्षरं ओळखीची आहेत, ती जोडून शब्द ऐकणं अजून जमत नाही. शिवाय आपली लिपी देखणी असली तरी नवशिक्याला चकवणारी आहे. ‘दिवस’मधली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते आणि तोंडात द-नंतर येते. ‘सूर्य’मधला र डोक्यावर जाऊन बसतो, ‘चक्र’मधला पायाशी लोंबतो, ‘ट्रक’मध्ये त्याचं आणखी तिसरंच रूप. भ आणि म, घ आणि ध, थ आणि य हे तर हाताच्या एका वळणाने वेगळे. तेव्हा ती नेमकी कुठे अडते हे आधी दोन-तीन दिवस नुसतं ऐकून टिपून ठेवा. सगळी बाराखडी पुन्हा गिरवायला लावणं म्हणजे येत असलेल्या गोष्टीची शिक्षा. अडकत असतील ती चार अक्षरं आणि तो एक काना-मात्रेचा घोळ, तेवढंच घ्या. घ-ध मध्ये गोंधळ असेल तर ताटात रवाळ वाळू पसरून बोटाने मोठ्ठं अक्षर काढू द्या. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिली बालशाळा काढली. तिथली खरखरीत कागदाची अक्षरं याच विचारातून आली होती. बोटाला अक्षराचं वळण कळतं आणि डोळ्यांना ते नंतर आठवतं.

शब्द जोडून वाचायचा सराव तिला पाठ असलेल्या कवितेवरून सुरू करा. कविता मोठ्या अक्षरांत लिहून काढा, आणि म्हणताना तिचं बोट शब्दाखालून सरकत राहू दे, अक्षरावर टोचत नको. पाठ असल्यामुळे पुढचा शब्द तिला आधीच ठाऊक असतो, आणि डोळे तो अख्खा शब्द म्हणून पाहायला शिकतात. हे फसवं वाचन आहे असं कोणी म्हटलं तर म्हणू दे. मग मधलाच एखादा शब्द झाकून विचारा, कुठला होता? ओळी कापून वेगळ्या करा, कविता पुन्हा लावायला सांगा. (कात्री तिच्या हातात.)

ती अडली की तुम्ही काय करता, यावर बरंच अवलंबून आहे. बहुतेक पालक एका सेकंदात शब्द सांगून मोकळे होतात. शिक्षकांचंही तेच होतं. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांमधली ध्वनिमुद्रणं तपासली तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण सेकंदभरच थांबतात असं दिसलं, आणि तीन सेकंद थांबायला लागल्यावर मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक होऊ लागली. तुम्ही मनात पाच आकडे मोजा. फार लांब वाटतील. तरीही जमलं नाही तर शब्द सांगा आणि पुढे चला, त्यावर व्याख्यान नको. आणि ती अडखळत वाचते म्हणून तुम्ही तिला वाचून दाखवणं थांबवू नका. ‘आता मोठी झालीस, स्वतः वाच’ हे वाक्य घराघरांत फार लवकर बोललं जातं. तिला स्वतःला वाचता येतं त्याहून कितीतरी मोठी गोष्ट तिला समजते, आणि ती समजण्यातली गोडी टिकली तरच ती अक्षरांशी झगडायला तयार होईल. रोज झोपताना दहा मिनिटं तुम्ही वाचा. एखाद्या पानावर थांबून विचारा, ‘तू त्याच्या जागी असतीस तर?’ गोष्टीचं तात्पर्य विचारू नका, मुलांना त्याचा वास दुरून येतो.

लिहिण्यासाठी खरं कारण द्या. तुम्ही संध्याकाळी सहाला येता, तर सकाळी निघताना तिच्या दप्तरात किंवा उशीखाली दोन ओळींची चिठ्ठी ठेवा: ‘तुझी निळी पेन्सिल मी लपवली आहे. चपलांच्या मागे शोध.’ तीही तुमच्यासाठी चिठ्ठी ठेवेल. त्यात ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, जोडाक्षर तुटेल, एखादा आकडा आरशातल्यासारखा उलटा पडेल. सहा-सात वर्षांपर्यंत हे सर्रास होतं. त्या चिठ्ठीवर लाल पेन फिरवलंत तर पुढची चिठ्ठी येणार नाही. उत्तर लिहा, आणि तिने चुकवलेला शब्द तुमच्या उत्तरात बरोबर लिहा. पुरे.

धाकटा सगळं विस्कटतो, कारण त्याला त्या खेळात काही काम नाही. साडेचार वर्षांचं मूल तुमच्या मुलीसाठी किती उपयोगी आहे, हे तुमच्या लक्षात आलेलं दिसत नाही. तिला त्याला वाचून दाखवू द्या. घरातला हा एकच श्रोता असा आहे की जो तिची चूक पकडत नाही, तेच पान पाच वेळा ऐकतो आणि प्रत्येक वेळी हसतो. मोजण्याच्या खेळात त्याला फासा टाकायचं काम द्या, किंवा काड्या रंगांप्रमाणे वेगळ्या करायचं. तिला एक गंमत करायला सांगा: सात-सात बटणांच्या दोन ओळी समोरासमोर मांडायच्या, दोन्ही सारख्या आहेत हे त्याच्याकडून वदवून घ्यायचं, मग एक ओळ लांब पसरवायची आणि विचारायचं, आता जास्त कुठे? तो लांब ओळीकडे बोट दाखवण्याची शक्यता खूप आहे. ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने हे मुलांमध्ये बारकाईने पाहून मांडलं, आणि धाकट्याला हे शिकवून पटवण्यात अर्थ नाही, वय वाढलं की ते उलगडतं. पण तुमची मुलगी त्याला समजावण्यासाठी जी धडपड करेल ती ऐकण्यासारखी असते. शिकवताना तिचंच गणित पक्कं होतं.

विज्ञानाची किट राहू देत कपाटात. एकच प्रयोग सांगते, पण तो नीट करा. काचेच्या पारदर्शक पेल्यात ओला टिपकागद आतून चिकटवा, काच आणि कागद यांच्यामध्ये वालाच्या किंवा राजम्याच्या तीन-चार बिया सरकवा, तळाशी थोडं पाणी ठेवा. रोज बघायचं आणि वहीत चित्र काढायचं. तिने काढायचं, तारीख तिने घालायची. काही दिवसांत एक बी फुगून फुटेल आणि त्यातून आधी पांढरं मूळ खाली येईल. बी कसंही पडलेलं असलं, अगदी उलटं, तरी मूळ खालीच वळतं. हे दिसलं की पेला आडवा करून ठेवायला सुचवा आणि विचारा, ‘आता काय होईल?’ उत्तर सांगू नका. तिचा अंदाज, आजीचा अंदाज, तुमचा अंदाज, सगळे वहीत लिहून ठेवा. एक-दोन दिवसांत मुळाचं टोक काटकोनात खाली वळलेलं दिसेल. ती ‘का?’ विचारेल. मुळाला खाली म्हणजे कुठे ते कळतं, एवढं सांगून तिलाच विचारा, ‘अंधारात ठेवलं तर?’ दुसरा पेला तयार. एखादी बी कुजेल, बुरशी येईल. तेही चित्र वहीत हवं. प्रयोग फसला म्हणून फेकून देणं ही आपली सवय, मुलांना कुजलेली बी जास्त आवडते.

बाकी गोष्टी घरकामात आपोआप होतात, त्यांना ॲक्टिव्हिटी म्हणायची गरज नाही. मोज्यांच्या जोड्या लावणं, जगमध्ये किती पेले पाणी मावतं ते भरून बघणं, काट्यांच्या घड्याळात बघून ‘निघायला अजून किती वेळ’ हे घरादाराला ओरडून सांगणं. फक्त काम खरं द्या. तिने पुसलेलं टेबल तुम्ही तिच्या देखत पुन्हा पुसलंत तर तिला कळतं की ते नाटक होतं.

स्टार चार्टचं गणित मात्र तुमच्यावर उलटलंय. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची मुळातच आवड असलेली लहान मुलं घेतली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर बक्षीस म्हणून प्रमाणपत्र मिळेल. नंतर, बक्षिसाची गोष्ट संपल्यावर, ती मुलं स्वतःहून चित्रं काढण्यात इतरांच्या जवळपास निम्माच वेळ घालवू लागली. ज्यांना न सांगता अचानक बक्षीस मिळालं त्यांची आवड तशीच राहिली. म्हणजे घातक ठरला तो आधी झालेला सौदा. तुमच्या मुलीशी पाण्याच्या पेल्यासाठीही सौदा झालेला आहे. चार्ट गुपचूप काढू नका, तिला ती फसवणूक वाटेल. ठरलेले स्टार असतील ते देऊन हिशेब पूर्ण करा आणि सांगा की आता हा खेळ संपला. काही दिवस ती कुरकुरेल, ती कुरकुर सोसा. ‘व्वा, किती हुशार!’ हेही जरा आवरतं घ्या. त्याऐवजी जे दिसलं ते बोला: ‘मघाशी तू हा शब्द सोडून दिला होतास, पुन्हा मागे जाऊन वाचलास.’ यात स्तुतीचा एकही शब्द नाही, तरी मूल खुलतं.

किट परत करता येत असतील तर करा. वर्कशीटचा गठ्ठा तिच्या हाती द्या आणि हव्या तेवढ्याच ठेवायला सांगा. काही मुलांना त्या खरंच आवडतात, आणि तिने निवडलेली असेल तर माझी काहीच तक्रार नाही. उरलेल्यांच्या पाठकोऱ्या बाजू चिठ्ठ्यांना उपयोगी पडतील.

फरक किती दिवसांत दिसेल? आकड्यांची उलटापालट रोजच्या खेळात काही आठवड्यांत कमी होऊ लागेल, घाईत असताना मात्र ती बराच काळ डोकं वर काढेल. वाचन सावकाश सुधारतं, आणि सरळ रेषेत सुधारत नाही. मध्येच ती मागे गेल्यासारखी वाटेल. डोळे-कान ठीक असतील, रोज नेमाने वाचन होत असेल आणि तरीही चार-सहा महिन्यांनी अक्षरं जुळत नसतील, तर ‘मोठी झाली की येईल’ म्हणत बसू नका. वाचनाच्या अडचणी तपासणाऱ्या तज्ज्ञांना दाखवा. अशा मुलांना लवकर मदत मिळाली तर खूप फरक पडतो. त्याआधी तिच्या वर्गशिक्षकांना एकदा भेटून या. भेटल्यावर ‘अभ्यासात कशी आहे?’ असं विचारू नका, त्याला ‘ठीक आहे’ हेच उत्तर मिळतं. ‘आधी न पाहिलेला मजकूर वाचताना ती कुठे अडते?’ आणि ‘अडल्यावर ती काय करते?’ एवढे दोन प्रश्न विचारा आणि उत्तरं लिहून आणा.